मे महिन्यातले गिरणगाव

आपल्या शाळेचा निकाल लागला की दोन-चार दिवसांत लालबाग-परळच्या चाळी रिकाम्या होऊ लागत. कुणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने, कुणी एस.टी.ने गावाकडे निघे. गॅलरीत ओळीने कुलपे दिसत. आमच्या खोलीला मात्र कुलूप लागत नसे. वडील गिरणीत बदली कामगार होते आणि बदलीवाल्याचा खरा हंगाम उन्हाळ्यातच असे. याची कारणे गिरण्यांच्या इतिहासात सापडतात.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली स्थापन केली. पुढे गिरण्या वाढल्या, तसे रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून कामगार आले. मात्र त्यांनी गाव सोडले नाही. घर, शेत आणि पुष्कळदा बायकामुलेही तिकडेच राहत. आंबा-फणस, लग्ने, पेरणीपूर्वीची शेतीची कामे, सारे एप्रिल ते जूनमध्ये येई. पावसाळ्यात बोटी बंद पडत, त्यामुळे कोकणातल्या माणसाला जायचे तर त्याआधीच जावे लागे. साहजिकच या महिन्यांत खाडे सर्वाधिक होत. साचे तर चालू ठेवायलाच हवेत. ती जागा बदलीवाले भरून काढीत.

कोणाला बदली द्यायची हे पूर्वी जॉबरच्या मर्जीवर असे आणि त्यात चिरीमिरी चाले. 1935 साली मालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. ठरावीक लोकांना कार्डे मिळू लागली. कार्डवाल्याने रोज सकाळी गिरणीत हजर राहायचे. कामाला माणूस कमी असला तर काम, नाहीतर परत घरी.

आमचे वडील साचाखात्यात होते. पावसाळ्यात कितीदा तरी ते डबा तसाच घेऊन परत येत. मेमध्ये मात्र महिनाभर दिवस भरत. जूनमधली आमची वह्या-पुस्तके त्याच पैशांतून येत. सुट्टीत गावी जायचा हट्ट धरला की आई एवढेच म्हणे, "लोक गावाला जातात म्हणून आपली चूल पेटते." शेजाऱ्यांच्या किल्ल्या आमच्याकडे असत. त्यांच्या तुळशींना पाणी घालायचे काम माझ्याकडे होते. जूनमध्ये मंडळी परतली की आमसुले, कुळथाचे पीठ, फणसपोळी आमच्याकडे आधी पोहोचे.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या वर्षीही चाळी रिकाम्या झाल्या, पण मेची वाट न पाहता. पगार थांबल्यावर मुंबईत खायचे काय, म्हणून माणसे गावी गेली आणि त्यातली कितीतरी परतलीच नाहीत. भोंगाच बंद, तिथे बदली कसली? वडिलांच्या वाट्याला त्या मेमध्ये एकही दिवस आला नाही.

आज गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत आणि 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते आहे. चाकरमानी मेमध्ये आजही गावी जातो. बदलीवाला मात्र गिरण्यांबरोबर संपला. संपाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. बदलीवाल्यांच्या घरांचा फारसा कुणी लिहिला नाही. आपल्या वर्गात अशी मुले मी एकटाच नव्हतो. त्या मित्रमैत्रिणींना विनंती आहे : घरात जुने बदली कार्ड असेल तर ते जपून ठेवा आणि आईवडिलांकडून ऐकलेले लिहून काढा.