शेवटी पायीच!

ऑफिसातल्या चारशे मशीन्सवर एखादं सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे पूर्वी काय करावं लागायचं, हे सिस्टिम अ‍ॅडमिनचं काम केलेल्या जुन्या मंडळींना विचारा. फ्लॉपींची नाहीतर सीडींची चळत घ्यायची, एकेका टेबलापाशी जायचं, "जरा उठता का पाच मिनिटं?" म्हणायचं आणि प्रोग्रेस बार सरकताना बघत उभं राहायचं. अमेरिकेत याला गमतीने 'स्नीकरनेट' म्हणायचे. म्हणजे बुटांवर चालणारं नेटवर्क!

ही पायपीट थांबवायला मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर आणला. पुढे २००० साली विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणि ग्रुप पॉलिसी आली आणि ही सोय लहान ऑफिसांच्याही आवाक्यात आली. सॉफ्टवेअरची एमएसआय फाईल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवायची, पॉलिसीत तिचा पत्ता द्यायचा, आणि घरी जायचं. सकाळी मशीन सुरू झालं की आपोआप इन्स्टॉल. निदान पुस्तकात तरी असंच लिहिलेलं होतं :)

प्रत्यक्षात सकाळी फोन वाजायचे. याची काही ठरलेली कारणं होती. पहिलं म्हणजे परवानगी. मशीनला नेमून दिलेलं सॉफ्टवेअर कोणी लॉगिन करायच्या आधीच, मशीनच्या स्वतःच्या खात्याने उतरवलं जातं. फोल्डर वाचायची परवानगी फक्त माणसांना दिलेली असेल तर ते उतरणारच नाही. अ‍ॅडमिन मात्र स्वतः फोल्डर उघडून बघणार, तो छान उघडणार, आणि तो म्हणणार, "परवानगी तर बरोबर आहे!"

दुसरं कारण विंडोज एक्सपीचं. लवकर सुरू व्हावं म्हणून २००१ चा हा एक्सपी नेटवर्कची वाटच बघायचा नाही. त्यामुळे पॉलिसी आज कळायची आणि सॉफ्टवेअर पुढच्या रीस्टार्टला यायचं. 'दोनदा रीस्टार्ट करून बघा' हा सल्ला वाटतो तितका वेडगळ नव्हता तर.

तिसरं कारण क्लोनिंगचं. २००५ मध्ये अपडेट वाटणारा डब्ल्यूएसयूएस आला. एकाच इमेजवरून पन्नास मशीन्स बनवली आणि तयारी नीट केली नाही, तर सगळ्यांचा ओळख क्रमांक एकच राहायचा. मग सर्व्हरच्या यादीत पन्नासऐवजी एकच मशीन दिसायचं, आणि तेही दर वेळी वेगळ्या नावाने!

या सगळ्या भानगडींत एक गोष्ट सारखी आहे. मशीन जिवंत असतं. निरोप पोचलेला नसतो किंवा चुकीचा समजलेला असतो, एवढंच. लॉग वाचायचा, कारण शोधायचं, जागेवरून दुरुस्त करायचं.

खरी भीती बसली ती २००३ मध्ये. २५ जानेवारीला एसक्यूएल स्लॅमर हा ३७६ बाइटचा किडा सुटला आणि त्याने दहा मिनिटांत हाती लागण्यासारखी बहुतेक मशीन्स गाठली. त्यावरचा पॅच जुलै २००२ पासून उपलब्ध होता. ऑगस्टमध्ये ब्लास्टर आला, त्याचाही पॅच जवळजवळ महिनाभर आधी निघालेला होता. म्हणजे औषध होतं, पण दुकानातच पडून होतं. धडा सगळ्यांनी एकच घेतला: लवकर वाटा. त्याच ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने पॅचसाठी महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवला. अँटिव्हायरसवाले तर रोज नवी फाईल पाठवू लागले.

वेग वाढला तशी बिघाडाची जातही बदलली.

२१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीची ५९५८ क्रमांकाची फाईल जगभर गेली. तिने एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची स्वतःची फाईल व्हायरस समजून बाजूला काढली. मशीन्स पुन्हा पुन्हा रीस्टार्ट व्हायला लागली, नेटवर्क गेलं. आता दुरुस्ती पाठवणार कशी? ज्या वाटेने जायची, तीच बंद! अ‍ॅडमिन मंडळी यूएसबी आणि सीडी घेऊन पुन्हा टेबलं फिरू लागली.

१४ मे २०१४ ला अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात विंडोज ७ ची नवी इमेज चुकून सगळ्या विंडोज मशीन्सना गेली. लॅपटॉप, डेस्कटॉप, सर्व्हरसुद्धा. चूक लक्षात आल्यावर इमेज पाठवणारा सर्व्हर बंद केला, पण तोपर्यंत तोही स्वतःच फॉरमॅट झाला होता. आज्ञा तंतोतंत पाळली गेली होती!

आणि १९ जुलै २०२४. भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला क्राउडस्ट्राइकची एक छोटी फाईल निघाली. नव्या नियमांत २१ रकाने गृहीत धरलेले, प्रोग्राम २० च पुरवत होता. एकविसावा वाचायला गेला आणि विंडोज निळी पडली. कंपनीने ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने तोवर ८५ लाख मशीन्स बसली होती. काही ग्राहकांनी शहाणपणाने 'आम्हाला एक आवृत्ती मागेच ठेवा' असं ठरवलं होतं. तो नियम प्रोग्रामला लागू होता, या फायलींना नव्हता. आपल्याकडे इंडिगोच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

उपाय सोपा होता: सेफ मोडमध्ये जा, फाईल पुसा. पण एकेका मशीनपाशी जाऊन. वर डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की हवी. ती ज्या सर्व्हरवर ठेवली होती तोही निळा पडला असेल तर काय करणार, सांगा! (एक योगायोग: २०१० मध्ये मॅकॅफीचे तंत्रप्रमुख असलेले जॉर्ज कर्ट्झ २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकचे प्रमुख होते.)

यावरून 'अपडेट बंद करा' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी २००३ पुन्हा आठवावं. वेग हवाच आहे. पण आधी दहा मशीन्स, मग शंभर, मग बाकीची, हा क्रम तातडीच्या फायलींनाही लागू हवा. क्राउडस्ट्राइकने तो नंतर लावला. आणि दुरुस्तीची एक वाट अशी हवी जी त्याच मशीनच्या बूट होण्यावर अवलंबून नाही.

तुमच्या ऑफिसात अपडेट किती टक्के मशीन्सवर पोचलं, याचा रंगीत चार्ट कोणीतरी नक्की बनवत असेल. त्याला एवढंच विचारा: उद्या यातलं एकही मशीन सुरू झालं नाही, तर रिकव्हरी कीज कुठे आहेत, आणि टेबलाटेबलाशी जायला आपल्याकडे माणसं किती आहेत?