चार तासांची मुदत

जानेवारी २०२२. बेळगाव जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यातल्या साळहळ्ळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत गोवर-रुबेलाची लस टोचल्यावर तीन बाळं दगावली. त्या लशीची कुपी कोणत्या वाटेनं तिथवर आली, याचा माग काढावा लागला. अशा घटनेत धोका तासातासानं वाढत जातो.

टोचणीआधी. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. इथे ती एका हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवली होती, असं चौकशीत पुढे आलं.

शून्य तास. लशीच्या भुकटीत द्रावक मिसळलं की मुदत सुरू होते. या लशीत जंतू मारणारं संरक्षक द्रव्य नसतं, म्हणून वेळ कुपीवर लिहायची.

पहिला ते चौथा तास. एका कुपीतून अनेक बाळांना डोस मिळतात. दर वेळी रबरी बुचातून सुई आत जाते. हातावरचे, नाकातले स्टॅफिलोकॉकस जंतू शिरायला तेवढी वाट पुरते.

चौथा तास. कितीही डोस उरले तरी थांबायचं. नवजात बाळाच्या बीसीजी या क्षयरोगाच्या लशीलाही हाच नियम.

चार तासांनंतर. शिरलेले जंतू उबेत वाढतात, विष सोडतात. डोळ्यांना काही दिसेलच असं नाही.

टोचल्यावर काही तासांत. ताप, उलट्या, पाण्यासारखे जुलाब, बाळ मलूल. एकाच सत्रातली दोन बाळं अशी आजारी पडली, तर संशय आधी कुपीवर घ्यायचा आणि बाकीची बाळं घरोघर जाऊन तपासायची. अशी विषबाधा ४८ तासांत जीव घेऊ शकते.

जगानं ही किंमत आधीच मोजली होती. २७ जानेवारी १९२८ला ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गमध्ये २१ मुलांना घटसर्पाची लस दिली. १२ मुलं गेली. कुपी दहा दिवसांपूर्वी उघडलेली, संरक्षक द्रव्य नाही, तिथला ऐन उन्हाळा. शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांना त्या लशीत आणि आजारी मुलांच्या गळवांत एकच स्टॅफिलोकॉकस सापडला.

साळहळ्ळीत एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता निलंबित झाले. तेवढ्यानं पुढचं बाळ वाचत नाही. निपाणी, खानापूर, रामदुर्ग, कुठल्याही अंगणवाडीतल्या सत्राला बर्फाच्या पॅकसह लसवाहक डबा हवा, आणि उरलेली लस वाया गेली म्हणून सिस्टरला जाब न विचारणारा वरिष्ठ हवा.

लस टाळू नका. गोवर मेंदूलाही सूज आणू शकतो. फक्त बाळाला पुढे करण्याआधी विचारा, ‘सिस्टर, कुपी किती वाजता उघडली?’ हे विचारणं प्रत्येक आईचा हक्क आहे, आणि कुपीवर लिहिलेली वेळ दाखवणं हे आरोग्य खात्याचं कर्तव्य.