न उघडणारं बॉनेट आणि कुर्ल्याची फियाट

जुनी फियाट कोणी गॅरेजमध्ये ढकलत आणली, की मालकाला मी आधी एवढंच विचारतो: बॉनेट शेवटचं कधी उघडलं होतं? सोसायटीच्या आवारात कितीतरी पावसाळे खाल्लेल्या गाडीचं बॉनेट सहसा उघडत नाही. मालकाला घाई असते, तो म्हणतो, गॅस कटर मारा. मी मारू देत नाही. हा पत्रा आता कुठल्याच कारखान्यात निघत नाही, आणि तो कुठून आला हे ठाऊक असलं की हात धजत नाही.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. पन्नासच्या दशकात फियाट आली. तिच्या गोलमटोल ११०० ला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ करून टाकलं, आणि अपमान न वाटता ते नाव टिकलं. १९६४ ला डिलाइट, सत्तरच्या दशकात प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसीचं.

त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. परदेशी गाडी आणणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे हाती असलेली गाडी मोडीत काढायची नसते हे इथल्या मिस्त्रीला शिकवावं लागलं नाही. ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानांत नवा पार्ट न मिळाला तर कुर्ल्याच्या भंगारात जुना शोधायचा, तिथंही नसेल तर लेथवर बनवून घ्यायचा. आज ज्याला कौतुकानं ‘रिस्टोरेशन’ म्हणतात, ते या लोकांचं रोजचं काम होतं. त्यांची नावं कुठल्या इतिहासात नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बॉनेट उघडण्याची रीत याच माणसांची. डॅशबोर्डखालचा खटका ओढला की पोलादी तार नळीतून सरकते, लॅचचा आकडा मागे होतो, स्प्रिंग पत्र्याला किंचित वर उचलते. मुंबईच्या खाऱ्या हवेत तार नळीला चिकटते, आकडा गंजतो, स्प्रिंग मरते. अशा वेळी आतून नुसतं हिसकलं तर तार तुटते आणि दुखणं दुप्पट होतं. म्हणून दोन माणसं लागतात. एकानं तळहात नेमका लॅचच्या वर ठेवून पत्रा खाली दाबायचा. उलटं वाटतं, पण गंजलेल्या आकड्यावर बॉनेटचा ताण असतो, दाबल्यानं तो उतरतो. त्याच क्षणी दुसऱ्यानं आतून खटका ओढायचा. ‘दाब... ओढ... सोड.’ ताकद थोडी, पण वेळ जुळली पाहिजे. तार आधीच तुटलेली असेल तर आतलं टोक पकडीत धरायचं. फटीतून गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्यायचं. ते नसेल तर डिझेल. रॉकेल आणि डिझेलवर जुन्या मिस्त्रींनी किती गंज सोडवला असेल, सांगता येणार नाही.

जीपचं मात्र वेगळं. महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतलेली विलीज युद्धासाठी घडलेली गाडी. तिच्या बॉनेटला दोन्ही बाजूंना बाहेरूनच कड्या. बर्फात, चिखलात, हातमोजे घालूनही उघडता यावं म्हणून. तिच्या बॉनेटनं मला कधी अडवलं नाही.

फियाटची मुंबईतली टॅक्सीची चाकरी २०२३ मध्ये संपली. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची, ताडदेव आरटीओतली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्यापिवळ्या पद्मिनीला रस्त्यावर भाडं घेता येईना. खाजगी पद्मिनी उरल्या आहेत, आणि हौशी मालक त्या आता जपतात.

अशा जपलेल्या गाडीचं बॉनेट सुटलं की लगेच आपटून बंद करायचं नाही. लॅच खोलून रॉकेलमध्ये धुवायचा, ब्रशनं गंज काढायचा, ग्रीस लावायचं, तार नवी ओवायची. मग बॉनेट उघडं असतानाच स्क्रूड्रायव्हरनं लॅच बंद करून आतला खटका ओढून पाहायचा. तीनचारदा आकडा आपसूक सुटला, तरच पत्रा खाली आणायचा.