आरसी बुकातली सात वर्षे

गेल्या वर्षी मी एक जुनी फियाट घेतली आणि आपल्या बॅचच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला. पहिला प्रश्न आला, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा, "ए, ही डुक्कर फियाट का गं?" दोन्ही उत्तरे आधी देऊन टाकते. ॲव्हरेज विचारू नका. आणि ही डुक्कर फियाट नव्हे. ते नाव १९५४ च्या गोलमटोल अकराशेचे, जिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. माझी गाडी १९६८ ची 'फियाट ११०० डिलाइट' आहे. इंजिन १०८९ सीसीचे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी.

तिचा जन्म कुर्ल्याचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनू लागल्या. डिलाइट १९६४ ची. तीच किरकोळ बदलांनी सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरात पोचली. त्या काळी मोटारींच्या वाटपावर सरकारचे नियंत्रण होते. पैसे भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे एकदा मिळालेली गाडी सहसा भंगारात जात नसे, या हातातून त्या हातात फिरत राही. जुन्या गाडीच्या आरसी बुकात चार-पाच नावे सापडतात ती यामुळेच.

माझ्या आरसी बुकात माझ्याआधी पाच नावे आहेत. पहिले मुंबईच्या एका डॉक्टरांचे. १९७४ मध्ये गाडी पुण्याला गेली, १९७९ मध्ये साताऱ्याच्या एका वकिलांकडे आली. चौथे नाव त्यांच्या पत्नीचे, १९९१ चे. १९९८ मध्ये कराडच्या एका गॅरेजवाल्यांनी ती घेतली आणि त्यांच्याकडून मी. एवढ्या प्रवासात नंबर मात्र एकच राहिला, जुन्या पद्धतीचा, 'एम'ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचा. साताऱ्याच्या गाड्यांवर एमएच-११ आले ते नंतर.

चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, आकडे पुस्तकाशी जुळले. पण एक गोष्ट जुळेना. वकील वारले १९८४ मध्ये आणि गाडी पत्नीच्या नावावर झाली १९९१ मध्ये. मधली सात वर्षे गाडी एका मृत माणसाच्या नावावर होती.

माझा धंदा प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा. लॉगमध्ये सात वर्षांची पोकळी दिसली की पहिला संशय खोटेपणाचाच येतो. एजंटाने नंतर कागद रंगवले असतील का? वारसांपैकी कुणी डावलले गेले असेल का? पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वेगळे नियम केले आहेत आणि त्यांत जुना नंबर कायम ठेवता येतो. मला ती नोंदणी करायची होती. ही कडी खोटी निघाली असती तर नोंदणी बाजूलाच, गाडीही हातची गेली असती.

तेव्हा इतिहासाच्या आपल्या बाई आठवल्या. कागद काय सांगतो ते वाचून झाले, की तो काय सांगत नाही ते माणसांना विचारा, असे त्या नववीत सांगायच्या. आम्ही मागच्या बाकावर तेव्हा फुल्ली-गोळा खेळत होतो. बाई, आता लक्ष दिले.

वकिलांची मुलगी साताऱ्यातच सापडली. साठी उलटलेल्या ताई. मी आढेवेढे घेत विषय काढला, तर त्या हसल्या. "अगं, खोटं काही नाही त्यात. आईनं नाव बदलूच दिलं नाही. बदलायचं तर दादांच्या नावावर रेघ मारणार ना? ती म्हणायची, रेशन कार्डावरनं गेले, बँकेतनं गेले, आता गाडीवरनं तरी नको."

दादा गेले तेव्हा आईला गाडी चालवता येत नव्हती. बेचाळिसाव्या वर्षी ती शिकली, लायसन्स काढले. दरवर्षी टॅक्स भरला आणि पावती दादांच्याच नावाची घेतली. मग १९९० मध्ये पोवई नाक्यावर मागून एक टेम्पो धडकला. जीवावरचे काही नव्हते, पण मृताच्या नावावरच्या विम्याचा दावा मिळणार नाही, असे उत्तर आले. तेव्हा कुठे त्या आरटीओत गेल्या. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि वारसाच्या नावे गाडी करण्याचा फॉर्म ३१. ताईंनी प्रतिज्ञापत्राची प्रत दाखवली. तिन्ही भावंडांच्या सह्या होत्या.

माझा संशय फिटला आणि थोडी शरमही वाटली.

निघताना ताईंनी विचारले, "डाव्या बाजूला मागे पोचा आहे का अजून?" आहे. पुट्टी भरून रंगवलेला, पण हात फिरवला की कळतो. तो पत्रा बदलण्यासाठी मी पेंटरला ॲडव्हान्स दिला होता. परत येऊन त्याला सांगितले, बाकी सगळी गाडी कर, तेवढा भाग राहू दे. त्याने माझ्याकडे बघितले, पण ॲडव्हान्स परत मागितला नाही म्हणून काही बोलला नाही.

आता सहावे नाव माझे लागले आहे. पाचही जुन्या नावांवर रेघ आहे. चौथ्या नावाच्या त्या काकू पाच वर्षांपूर्वी गेल्या. त्यांना भेटायचे राहिले.

आता तुमच्याकडे एक काम आहे. १९८४ ते १९९८ ही गाडी साताऱ्यात होती, म्हणजे आपल्या शाळेची सगळी वर्षे. ताई सांगतात, आई रोज अकराच्या सुमारास राजपथावरून खाली पोवई नाक्याकडे जायची. पांढरी फियाट, गोल पाटल नेसलेल्या, जाड चष्म्याच्या बाई. आपण तेव्हा शाळेच्या वाटेवर असणार. मी खूप ताण दिला, मला काही आठवत नाही. तुमच्यापैकी कुणाला आठवत असेल तर मेळाव्यात सांगा. गाडी घेऊनच येणार आहे. ताईही येणार आहेत, पुढच्या सीटवर.