गुरूचा गुरू कोण?

नव्या शिक्षकाला उपदेश करणारे उदंड भेटतात. वर्गात शिस्त कशी ठेवावी, अभ्यासक्रम वेळेवर कसा संपवावा, साहेबांच्या तपासणीला सामोरे कसे जावे, हे सांगायला प्रत्येक जुना मास्तर तयार असतो. पण समोरचे मूल शिकत नसेल तर दोष कोणाचा, हे रोखठोक सांगणारा क्वचितच भेटतो. असा सल्लागार कोठे सापडतो, याचे उत्तर आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील एका परंपरेत आहे.

गिजुभाई बधेका हे काठेवाडातले वकील. १९१३ साली पुत्रजन्म झाल्यावर बालशिक्षणाचा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. वसो येथील मोतीभाई अमीन यांच्यामुळे मॉंटेसरीबाईंच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला. पुढे वकिली सुटली आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू झाले. गिजुभाईंनी परक्या पद्धतीची पूजा बांधली नाही. तिला गुजराती गाणी, गोष्टी आणि नाट्य यांची जोड दिली.

१९२३ साली ताराबाई मोडक तेथे आल्या. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य होत्या. म्हणजे शिक्षकिणी घडविण्याचेच त्यांचे काम होते, आणि तरी बालमंदिरात त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या! मानाची खुर्ची सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांपाशी जमिनीवर बसणे सोपे नव्हे. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३३ पासून ताराबाईंनी मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालविली आणि नवे विचार गावोगावच्या शिक्षकांपर्यंत नेले.

याच परंपरेतील पुढचे नाव अनुताई वाघ यांचे. जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आले. जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे शिकविले. १९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. एवढ्या अनुभवाची ही शिक्षिका पस्तिसाव्या वर्षी ताराबाईंबरोबर ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेली, ती नवशिकी म्हणूनच. (हे गाव आता पालघर जिल्ह्यात येते.)

तेथे दोघींचीही परीक्षा झाली. गोरगरिबांची मुले बालवाडीपर्यंत येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत असे, कोणी शेळ्यागुरे राखत असे. अशा वेळी आईबापांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते. परंतु या दोघींनी दोष शाळेकडे घेतला. वस्तीच्या अंगणातच शाळा भरली, ती ‘अंगणवाडी’. गुरे चरतात तेथे भरली ती ‘कुरणशाळा’. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागली. मग कडेवर भावंड असलेल्या मुलीलाही शाळेची वाट मोकळी झाली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या परंपरेत प्रत्येकाने आधीच्याकडून घेतले, पण घेतले तसेच ठेवले नाही. मॉंटेसरीबाईंच्या पद्धतीला गिजुभाईंनी देशी रूप दिले, आणि गिजुभाईंचे बालमंदिर ताराबाई-अनुताईंनी वारल्यांच्या पाड्यावर नेले. आपला शब्द मुलाच्या कसोटीवर घासून पाहू देतो, तोच प्रामाणिक सल्लागार. आणि तो व्यासपीठावर सहसा भेटत नाही. काम चालू असते तेथे, शेजारी बसलेला भेटतो.

ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यांच्या सहवासात अनुताईंची अठ्ठावीस वर्षे गेली होती. त्यानंतर १९९२ मध्ये स्वतःच्या निधनापर्यंत अनुताईंनी ते कार्य पुढे चालविले. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेबरोबर ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

आपल्या गावात या जूनमध्येही एखादी नवी बाई, एखादा नवा गुरुजी भीतभीतच वर्गात पाऊल टाकील. त्यांना उपदेश करण्यापूर्वी आपण त्यांच्या वर्गात घटकाभर जमिनीवर बसून पाहू या. मग तोंडून निघेल तो सल्ला थोडका असेल, पण खरा असेल.