हळद : एक प्रजाती आणि एक पेटंट

हळद ज्या प्रजातीत मोडते तिचे शास्त्रीय नाव कुर्कुमा. लिनीयसने १७५३ मध्ये ते नोंदवले. मूळ शब्द अरबी, ‘कुरकुम’. आंबेहळद आणि कचोरा हे याच प्रजातीतले. आमच्या छत्तीसगडातला तिखूरही. बस्तरच्या जंगलातले त्याचे कंद वाटून, पाण्यात धुऊन, खाली बसलेले सत्त्व वाळवतात. उपवासाला तवकील वापरणाऱ्या आम्हा रिसालीतल्या मराठी घरांना तो परका वाटत नाही.

हळदीला फुले येतात, पण बी धरत नाही. म्हणजे तुम्ही पाहता ते हळदीचे प्रत्येक रोप कुणीतरी राखून ठेवलेल्या बेण्यातून आलेले असते. सांगलीजवळ हरिपूरला हळद पेवांत, जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत साठवत. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे गेली.

आता पेटंटकडे वळू, कारण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने हे प्रकरण नीट समजून घ्यावे असे मला वाटते. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांच्या कामावर अमेरिकेत पेटंट मिळाले : जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. तुम्ही म्हणाल, हे तर आजीलाही ठाऊक होते! होते. पण त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरावा म्हणून चालत नसे. छापील मजकूर लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेने १९९६ मध्ये आव्हान दिले आणि ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने सर्व दावे फेटाळले. हळद वाचली ती कागदामुळे, हे विसरू नका.

पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली माहिती पेटंट तपासनिसांना वाचता येईल अशा परकीय भाषांत त्यात मांडली आहे. पण त्याचा आधार ग्रंथच. बस्तरमध्ये तिखुराचे जे उपयोग केवळ तोंडी चालत आले आहेत, ते या पद्धतीत सहजासहजी बसत नाहीत. गावी जाल तेव्हा एखाद्या जाणत्या बाईला तिखुराबद्दल विचारा. उत्तर तिच्याच शब्दांत, तारखेसह वहीत उतरवा, आणि ते कुठे छापायचे ते आधी तिलाच विचारा.