मुरांबा ते जॅम : महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि फळे टिकवण्याचा इतिहास

प्रस्तावना

महाबळेश्वर-पाचगणीहून परतणारा पर्यटक स्ट्रॉबेरी जॅमची बाटली हमखास घेऊन येतो. या बाटलीत दोन वेगळे इतिहास एकत्र आले आहेत : साखरेने फळ टिकवण्याचा आणि हवाबंद भांड्यात अन्न टिकवण्याचा. अनेकदा हे दोन्ही एकच समजले जातात. प्रस्तुत पाठात त्यांतील फरक आपण समजून घेऊ.

साखरेचे तंत्र

मुरांबा हा शब्द अरबी-फारसी ‘मुरब्बा’वरून आला. मुरांबा, साखरांबा, गुळांबा, मोरावळा हे पदार्थ मराठी घरांत जॅमच्या कितीतरी आधीपासून होते. दाट पाकात जंतूंना वाढीसाठी मोकळे पाणी मिळत नाही, म्हणून पदार्थ टिकतो. पाक एकतारी झाला की दोनतारी, हे बोटांनी तपासणाऱ्या स्त्रियांना यामागचे रसायनशास्त्र ठाऊक नसेल, परंतु प्रमाण अचूक ठाऊक होते. तेव्हा जॅम हा पदार्थ नवा असला तरी त्यामागचे ज्ञान येथे नवे नव्हते.

हवाबंद बाटलीचे तंत्र

दुसरे तंत्र युद्धाच्या गरजेतून आले. सैन्यासाठी अन्न टिकवण्याचा उपाय फ्रान्सचे सरकार शोधत होते. निकोला आपेर या मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट लावून त्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. १८१० मध्ये त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. अन्न का टिकते, हे मात्र १८६० च्या दशकात पाश्चरच्या प्रयोगांनंतर उलगडले. बरणीतला मुरांबा साखरेमुळे टिकतो, तर आपेरच्या बाटलीतले अन्न उष्णता आणि हवाबंद झाकणामुळे टिकते. जॅमच्या बाटलीत दोन्ही उपाय एकत्र येतात.

महाबळेश्वर-पाचगणी

१८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवले. युरोपीय रहिवाशांबरोबर त्यांच्या आवडीच्या भाज्या आणि फळेही डोंगरावर आली. स्ट्रॉबेरी येथे रुजली, पण तिची अडचणही सोबत आली. तोडलेले फळ एक-दोन दिवसांत नरम पडते आणि बाजार घाट उतरून दूर. हंगामात भाव पडला की माल सडू देणे किंवा मिळेल त्या किमतीला विकणे, एवढेच शेतकऱ्याच्या हाती उरते. जॅममुळे तिसरा मार्ग मिळाला. १९५९ मध्ये पाचगणीत किशोर व्होरा या औषधविक्रेत्याने छोट्या प्रमाणात स्ट्रॉबेरी जॅम बनवायला सुरुवात केली. त्यातून ‘मॅप्रो’ हा उद्योग उभा राहिला. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले.

घरगुती जॅमला येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असल्याने लिंबाचा रस घालतात. त्या आंबटपणाने आहे ते पेक्टिन चांगले धरते. दुसरी गोष्ट उंचीची. समुद्रसपाटीवर जॅम साधारण १०५ अंश सेल्सिअसला तयार होतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर असल्याने तेथे पाणीच ९५-९६ अंशांना उकळते, म्हणून जॅम १०० अंशांच्या आसपास उतरवावा लागतो. मैदानातली कृती डोंगरावर जशीच्या तशी चालत नाही.

कायदा आणि व्याख्या

१९५५ च्या फळपदार्थ आदेशाने विक्रीसाठी असे पदार्थ बनवणाऱ्यांना परवाना आवश्यक झाला. पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्याची जागा घेतली. जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ हवे, स्ट्रॉबेरी व रासबेरीला मात्र २५ टक्के पुरे, असा नियम आला. पूर्वी ‘चांगला मुरांबा’ कोणता हे घरातली जाणती बाई ठरवत असे. आता ‘जॅम’ कशाला म्हणायचे हे राजपत्र ठरवू लागले.

समारोप

आपेरचे नाव पाठ्यपुस्तकात आहे, कारण त्याने कृती छापली आणि बक्षीस घेतले. पाकाची तार ओळखणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान तोंडी राहिले, म्हणून ते ‘तंत्रज्ञान’ न ठरता ‘स्वयंपाक’ ठरले. अन्नाचा इतिहास अभ्यासताना लिखित पुराव्याइतकेच अशा अलिखित कौशल्यालाही स्थान द्यावे लागते.

स्वाध्याय

१. साखरेने आणि हवाबंद उष्णतेने फळे टिकवण्यातील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. नाशवंत पिकाच्या शेतकऱ्याला प्रक्रिया उद्योगाचा उपयोग कसा होतो, ते सांगा.